मेद, गुग्गुळ आणि जवसाची चटणी



चांदा शहराची जन्मकथा ही एका औषधाची कथा आहे. बल्लारपूरला खांडक्या बल्लाळशहा नावाचा गोंड राजा राज्य करीत होता. त्याच्या सर्वांगावर गाठी आल्या होत्या. वैद्य झाले, मांत्रिक झाले, गुण येईना. एक दिवस शिकारीच्या नादात तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रात आला. तहानेने जीव व्याकुळ झालेला. वाळूतल्या एका लहानशा खळग्यात पाणी दिसले. ते तो प्याला, हातपाय धुतले, आणि त्या रात्री कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी गाढ झोप त्याला लागली. सकाळी राणीने पाहिले तो अंगावरच्या गाठी नाहीशा झालेल्या. पुढे त्या जागी अचलेश्वराचे देऊळ उठले आणि त्याच्या आजूबाजूला नगर वसले, अशी ही दंतकथा आहे. चांद्याच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ती ऐकलेली असते.

दंतकथेतला इतिहास किती आणि कल्पना किती, हा वाद येथे काढत नाही. मला सांगायचे ते इतकेच, की आपल्या मुलखाची समजूतच अशी आहे: जिथे वैद्य हरतो, तिथे जंगल तारते. ही श्रद्धा एकदम खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण ह्याच श्रद्धेच्या भांडवलावर बाजारात एक धंदा चालतो, आणि त्या धंद्याने माझ्या शेजारच्या एका काकांचा उजवा हात नेला. म्हणून आजचा विषय.

हे काका साठीच्या पुढचे. धानाची चार बांधी, दोन बैल, अंगाने धडधाकट. मुलाने आग्रह करून एकदा तालुक्याच्या गावी रक्त तपासून आणले. रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले, रक्तदाबही वर. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. तीन-चार महिने काकांनी त्या नेमाने घेतल्या. मग आठवडी बाजारात एक माणूस भेटला. जमिनीवर कापड पसरलेले, त्यावर मुळ्या, साली, डिंकाचे खडे, एक वाळलेली घोरपड. त्याने सांगितले, हा जंगली गुग्गुळ आहे, आदिवासींचा हजार वर्षांचा इलाज आहे, रक्तातली चरबी धुऊन काढतो. काकांनी खडे घेतले आणि दोन्ही गोळ्या बंद केल्या. मी हटकले तेव्हा म्हणाले, “मास्तर, जंगलाची दवाई कधी खोटी रायते का जी?” त्या वर्षी धानाच्या कापणीत, बांधीवरच, त्यांचे तोंड वाकडे झाले आणि उजवी बाजू गेली. लकवा. जीव वाचला. आता काठी घेऊन दारापर्यंत येतात.

त्यांच्या त्या प्रश्नाला तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर मी पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले. जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट त्या “हजार वर्षां”ची. कोलेस्टेरॉल हा पदार्थ माणसाला माहीत होऊन हजार वर्षे झालेलीच नाहीत. पित्ताशयातल्या खड्यांत एक मेणासारखा पदार्थ सापडतो, त्याला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेव्रुल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नाव दिले. १९१३ साली रशियात अनिचकोव ह्यांनी सशांना हाच पदार्थ खाऊ घालून दाखविले, की त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या आतून चरबीचे थर बसतात. १९४८ साली अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावी हजारो माणसांची वर्षानुवर्षे पाहणी सुरू झाली, आणि तीतून कळून आले की ज्यांच्या रक्तात हा पदार्थ जास्त, त्यांच्यात हृदयविकार जास्त. म्हणजे सारा इतिहास दोनशे वर्षांचा, आणि दवाखान्यात उपयोगी पडण्याजोगा तर साठ-सत्तर वर्षांचा.

ह्या दुखण्याचे आणखी एक लक्षण असे, की त्याला लक्षणच नाही. ताप आला तर अंग तापते, जखम झाली तर ठणकते, हगवण लागली तर माणूस गळतो. कोलेस्टेरॉल वाढलेला माणूस मात्र सकाळी उठून बैल जुंपतो, दुपारी शिदोरी खातो आणि रात्री सुखाने झोपतो. ते कळते फक्त रक्त काढून, काचेच्या नळीत. मग ज्या काळी ही नळी नव्हती त्या काळच्या वैदूने त्यावर औषध शोधले कसे? वाढले किती आणि उतरले किती हे त्याला कळायचे कशावरून?

आपल्या जंगलातल्या पुजाऱ्याला आणि वैदूला कमी लेखण्याचा ह्यात हेतू नाही. त्याचे ज्ञान खरे होते, पण ते त्याच्यापुढे येणाऱ्या दुखण्यांचे होते. हिवताप, खरूज, मोडलेले हाड, बाळंतपण, विंचू, साप, पोटातले जंत. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग ह्यांनी गोंड बायकांकडून झाडांची माहिती गोळा केली आणि ‘गोईण’ नावाचे पुस्तक लिहिले. गोईण म्हणजे मैत्रीण. झाड हे मैत्रीण असते, ते खायला देते, सावली देते, अडीअडचणीला औषध देते, अशी त्या बायकांची दृष्टी. ही दृष्टी आणि बाजारातल्या कापडावरचा “हजार वर्षांचा इलाज” ह्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आणि खरे सांगायचे तर, ह्या जंगलमुलखात मेद वाढण्याची चिंता कोणाला होती? इथली चिंता उलट होती. १८९६-९७ चा दुष्काळ आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ मध्यप्रांताने सोसला. अशा वेळी मोहाची फुले आणि रानातली कंदमुळे ह्यांवर माणसे जगली. चांगल्या सालीही जेवण काय, तर पेज, आंबील, कोदो-कुटकीचा भात, तरोट्याची नाहीतर मुंगन्याच्या पाल्याची भाजी, पावसाळ्यात वास्ते आणि काटवल, कधी नदीची मासोळी. तेलाचा थेंब मोजून. दिवसभराची चाल दहा-बारा मैल सहज. अशा माणसाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर बसावा कुठून? त्याने कोलेस्टेरॉलवर औषध शोधले नाही, कारण त्याला ते लागलेच नाही. त्याचे जेवण आणि त्याचे पाय हेच त्याचे औषध होते, आणि ते काही हौसेने घेतलेले नव्हते; गरिबीने दिलेले होते. हेही विसरून चालणार नाही. जुन्या काळाचे गोडवे गाणारे लोक हा भाग गाळतात.

आता गुग्गुळाकडे येऊ. त्याची कथा मोठी मनोरंजक आहे आणि तीत आपल्या देशाच्या एका बाईंचा मोठा वाटा आहे.

सुश्रुतसंहितेत मेदोरोगाचे, म्हणजे अंगात मेद फाजील वाढण्याचे वर्णन आहे. मेदाने देहातले मार्ग कोंडतात आणि मग निरनिराळे विकार होतात, असा त्याचा आशय. १९६० नंतरच्या काळात काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात जी. व्ही. सत्यवती नावाची एक तरुण संशोधक हे वाचत होती. तिला वाटले, हे वर्णन तर आजच्या रक्तवाहिन्या कोंदण्याच्या रोगाशी जुळते. मग सुश्रुताने सांगितलेले औषध आजच्या कसोटीला का लावू नये? तिने सशांना कोलेस्टेरॉल वाढविणारा आहार दिला आणि त्यांतल्या काहींना गुग्गुळ दिला. गुग्गुळ दिलेल्या सशांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल कमी राहिले. १९६६ साली तिने हा प्रबंध सादर केला. हीच विद्यार्थिनी पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची महासंचालक झाली. प्राचीन ग्रंथातले वाक्य घ्यावे, त्याच्यापुढे हात न जोडता ते पारखावे, हा धडा शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात सांगण्यासारखा आहे.

त्यानंतर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळापासून ‘गुगुलिपिड’ नावाचे औषध तयार केले आणि १९८० नंतरच्या दशकात ते आपल्या बाजारात आले. आपल्याकडच्या चाचण्यांचे निकाल चांगले होते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६१ रुग्णांना फळे-भाज्यांच्या आहाराबरोबर २४ आठवडे गुग्गुळ किंवा खोटी गोळी दिली. गुग्गुळ घेणाऱ्यांचे वाईट जातीचे कोलेस्टेरॉल, ज्याला एल.डी.एल. म्हणतात, ते सुमारे साडेबारा टक्के उतरले. सगळीकडे आनंदीआनंद झाला.

पण शास्त्र म्हणजे एकदा मिळालेले प्रशस्तिपत्र चौकटीत बसवून भिंतीवर टांगणे नव्हे. २००३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १०३ माणसांवर आठ आठवडे चाचणी केली. काहींना गुग्गुळाचा अर्क, काहींना दिसायला तशीच पण आत काही नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. निकाल असा, की खोटी गोळी घेणाऱ्यांचे एल.डी.एल. पाच टक्के उतरले आणि गुग्गुळ घेणाऱ्यांचे चार-पाच टक्के चढले! शिवाय गुग्गुळवाल्यांपैकी सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले.

मग खरे कोणते? अमेरिकन माणसाचा आहार वेगळा, पिंड वेगळा, अर्क काढण्याची रीत वेगळी, असे पुष्कळ बोलले गेले. त्यांत तथ्य असू शकेल. पण ज्याला आपल्या काळजाची काळजी आहे त्याने गुग्गुळावर विसंबून गोळी सोडावी इतका भक्कम पुरावा नाही, एवढे मात्र निश्चित. काकांचे खडे ह्या तराजूत घालून पाहा.

आणि ते खडे गुग्गुळाचे तरी होते का? इथे आपल्या जंगलाची माहिती उपयोगी पडते. खरा गुग्गुळ हे राजस्थान, कच्छ अशा कोरड्या, खडकाळ, काटेरी मुलखातले खुजे झुडूप आहे. आपल्याकडे चांद्या-गडचिरोलीच्या टेकड्यांवर जे उगवते ते सालईचे झाड. उन्हाळ्यात पाने झडलेली, साल कागदासारखी सुटणारी, आणि खाच पाडली की सुवासिक डिंक देणारी. ह्या डिंकालाही लोक ‘सालई गुग्गुळ’ म्हणतात. ग्रंथात त्याला शल्लकी आणि कुंदुरु अशी नावे आहेत. धुपाला तो उत्तम. सांधेदुखीवर त्याचा उपयोग होतो असे दाखविणाऱ्या चाचण्याही आहेत. पण तो गुग्गुळ नव्हे. दोघे एकाच कुळातले, म्हणून चुलतभाऊ म्हणा. चुलत्याच्या नावावरचे कर्ज पुतण्याकडून वसूल होत नाही. नाव एक आणि झाड दुसरे, ही गफलत औषधाच्या इतिहासात फार जुनी आहे. त्यात खरा गुग्गुळ आता दुर्मिळ झाला. जास्त डिंक मिळावा म्हणून लोकांनी झाडांना अशा खोल जखमा केल्या की झुडपेच वाळून गेली, आणि आज त्याची गणना अत्यंत धोक्यात आलेल्या वनस्पतींत होते. दुर्मिळ वस्तूच्या नावाने दुसरीच वस्तू खपते, हे बाजाराला कोणी शिकवावे लागत नाही.

सुश्रुताच्या त्या जागेविषयी आणखी एक सांगायचे राहिले. मेद कमी करण्यासाठी त्याने एकटा गुग्गुळ सांगितलेला नाही. त्या यादीत शिलाजित आहे, त्रिफळा आहे, मध आहे; आणि पुढे जव आहे, मूग आहे, कोद्रव आहे, सावा आहे. शिवाय व्यायाम सांगितला आहे. कोद्रव म्हणजे आपला कोदो! संशोधकांनी त्या यादीतून गुग्गुळ उचलला, कंपन्यांनी त्याची गोळी केली, आणि कोदो, मूग, जव नि चालणे हे तसेच पानावर पडून राहिले. त्यांची बाटली भरता येत नाही ना!

गोळीविषयीही आपल्या लोकांत एक गैरसमज आहे, की ती ‘केमिकल’ आणि पाला-साल तेवढी ‘नैसर्गिक’. कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या ज्या गोळ्या डॉक्टर देतात, त्यांना स्टॅटिन म्हणतात. त्यांचा जन्म कुठे झाला ते ऐका. जपानातले अकिरा एंडो हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेले शास्त्रज्ञ. बुरशीत काही औषध सापडेल ह्या आशेने त्यांनी हजारो बुरश्या तपासल्या. क्योटोच्या एका दुकानातल्या तांदळावरची निळसर बुरशी त्यांच्या हाती लागली आणि १९७३ साली तिच्यातून यकृताला कोलेस्टेरॉल बनवू न देणारा पदार्थ मिळाला. धान्यावरची बुरशी! ह्याच वाटेने पुढे १९८७ साली अमेरिकेत पहिली स्टॅटिन गोळी मान्य झाली. १९९४ साली उत्तर युरोपातल्या ४४४४ हृदयरोग्यांवरच्या चाचणीने दाखविले, की स्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू तीस टक्क्यांनी कमी झाले. कोलेस्टेरॉलचा आकडा उतरला एवढेच नव्हे, माणसे जगली. गुग्गुळाच्या बाबतीत असे कोणी दाखवून दिलेले नाही. तेव्हा निसर्ग विरुद्ध गोळी हे भांडणच खोटे आहे. प्रश्न असतो तो पारखल्याचा आणि न पारखल्याचा.

आता आपल्या घरच्या वस्तूंकडे वळतो, कारण सगळेच नाकारून मी उठलो असे व्हायला नको.

नदीकाठी उभा असणारा अर्जुन आपणांस माहीत आहे. काही भागांत त्याला कहू म्हणतात. पांढुरकी गुळगुळीत साल, पाच पंखांचे फळ. आरमोरी भागातले ढिवर बांधव येन आणि अर्जुन ह्यांच्या पाल्यावर कोशाचे किडे पोसतात, त्यांचा टसर रेशीम दूरदूर जातो. ह्या अर्जुनाची साल हृदयविकारावर वापरण्याची परंपरा मात्र खरोखरच हजार वर्षांची आहे. अकराव्या शतकातल्या चक्रपाणिदत्ताने ती दुधात उकळून द्यायला सांगितली आहे. २००१ साली जयपूरच्या डॉक्टरांनी १०५ हृदयरोग्यांवर तीस दिवस चाचणी केली, तेव्हा रोज अर्धा ग्रॅम सालीचे चूर्ण घेणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल काही अंशी उतरलेले दिसले. निकाल आशेचा आहे, पण तीस दिवस आणि पस्तीस-पस्तीस माणसांचे गट, एवढ्यावरून आयुष्याचा निर्णय करता येत नाही. ज्याला घ्यायची इच्छा असेल त्याने डॉक्टरांना सांगून, गोळीच्या जोडीने घ्यावी. गोळीच्या बदली नव्हे. आणि कृपा करून झाडाची साल भोवताली गोल सोलू नये. गोल सोललेले झाड मरते, आणि त्याबरोबर कोशाची कमाईही.

मोहाच्या बियांचे, मोहटोळीचे तेल गावोगाव वापरतात. ते ‘जंगली’ म्हणून काळजाला हलके असेल, असे काहींना वाटते. तसे नाही. थंडीत ते थिजते ते उगीच नव्हे; त्याच्या निम्म्याच्या आसपास घट्ट जातीची चरबी आहे. दिव्याला, साबणाला, अंगाला लावायला छान. खायचे तर बेताने.

ह्या सगळ्यांत माझा खरा जीव जवसावर आहे, आणि तिथे इतिहासही आपल्या बाजूचा आहे. पूर्व विदर्भात धान उभे असतानाच, बांधीतल्या ओलीवर जवस आणि लाखोळी फेकण्याची पद्धत आहे, तिला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, पाणी नाही, धान कापले की खाली निळी फुले डोलताना दिसतात. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली आणि मध्यप्रांताचा जवस पोत्यांनी मुंबईला आणि तिथून विलायतेला जाऊ लागला. तिकडे त्याचे तेल रंगात घालीत, आणि १८६३ साली पेटंट घेतलेल्या लिनोलियम नावाच्या जमिनीवर अंथरण्याच्या कापडात घालीत. चांद्याच्या बांधीतले अन्न साहेबाच्या दिवाणखान्यात पायाखाली गेले! पुढे लिनोलियमची जागा प्लास्टिकने घेतली, घराघरांत स्वस्त डब्याचे तेल आले, आणि जवस मागे पडला. जवसाचे तेल खाणारे घर आता शोधावे लागते.

ज्या दाण्याला आपण ‘गरिबाचे तेल’ म्हणून नाक मुरडले, त्याच्या वजनाच्या सुमारे चाळीस टक्के तेल असते आणि त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ जातीचा असतो. वनस्पतींत ही गोष्ट विरळा. शिवाय दाण्याला भिजविले की जो चिकट बुळबुळीत पदार्थ सुटतो, तोच कामाचा तंतू. मेथीतही तो भरपूर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. शर्मा ह्यांनी मधुमेह्यांच्या जेवणात मेथीची भुकटी मिसळून पाहिली, तिचा निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाला; रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही उतरली. मात्र भुकटी दिवसाला शंभर ग्रॅम होती, आणि तीही तेल काढलेली. चिमूटभर मेथी फोडणीत टाकून तोच गुण येईल असे कोणी समजू नये.

हा तंतू काम कसे करतो? धानपट्ट्यातल्या माणसाला सांगणे सोपे आहे. यकृत म्हणजे मामा तलाव समजा. अन्नातली चरबी पचवायला यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त तयार करते आणि आतड्यात सोडते. काम झाले की आतडे ते बहुतेक पित्त पुन्हा शोषून यकृताकडे परत पाठविते. जणू बांधीतले पाणी फिरून तलावात यावे. चिकट तंतू आतड्यात असला की तो ह्या पित्ताला धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. तलावात परत येणारे पाणी घटले. मग यकृताला नवे पित्त करण्यासाठी रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते, आणि रक्तातले प्रमाण उतरते. ह्यात जादू काही नाही. मूग, वाल, हरभरा, जव, पेरू, भेंडी हे सगळे कमीअधिक प्रमाणात हेच काम करतात. उतार मात्र माफक असतो. शंभरातले पाच-दहा उतरले तर चांगले म्हणायचे. ज्याचे फार चढले आहे त्याला गोळी लागतेच.

भगिनींना जवसाची चटणी मी काय शिकवणार! फक्त दोन सूचना. दाणा भाजून कुटून घ्यावा, अख्खा गिळला तर तसाच बाहेर पडतो. आणि एकदम महिन्याची चटणी कुटून ठेवू नये. कुटलेला जवस लवकर खवट होतो. रोज मोठा चमचा-दोन चमचे पुरे, त्याबरोबर पाणी भरपूर. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, किंवा मधुमेहाची औषधे घेऊन वर मेथी वाढवायची असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घालावे.

हे सारे अगत्याने सांगायचे कारण गडचिरोलीतच सापडते. डॉ. अभय आणि राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने जिल्ह्यातल्या ८६ खेड्यांत २०११ ते २०१३ ह्या काळात झालेल्या मृत्यूंची कारणे तपासली. एकंदर १५९९ मृत्यू. त्यांतले २२९ लकव्याने, म्हणजे मेंदूच्या झटक्याने. सातांतला एक! इतर कोणत्याही एका कारणाने इतकी माणसे गेली नव्हती. शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्यांचा रोग म्हणून ज्याच्याकडे आपण पाहत होतो, तो जंगलाच्या वाटेने गावात येऊन बसला आहे.

लकव्याचे मोठे कारण रक्तदाब, आणि त्याच्या जोडीला तंबाखू. आपल्याकडे तंबाखूचे नाव खर्रा. मी माणसे पाहिली आहेत, सकाळी अर्जुनाचा काढा घेतात आणि वर खर्ऱ्याची पुडी सोडतात. काढा कोणासाठी घेतला, हे त्यांनाच ठाऊक. गिरणीचा पांढरा तांदूळ तीनदा, भजी डब्याच्या तेलात तळलेली, शेतावर जायला फटफटी, आणि मीठ हाताला येईल तेवढे. पेज-आंबिलीचा काळ गेला, चांगले झाले, पोटभर अन्न आले. पण त्याबरोबर चालणेही गेले आणि कोंडाही गेला.

स्वतः डॉ. अभय बंग ह्यांना १९९५ साली, पंचेचाळिशीच्या आतच, हृदयविकाराने गाठले. दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी गडचिरोलीत येऊन राहिलेला, व्यसन नसलेला हा डॉक्टर. त्यांनी आपली हकिगत ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ ह्या पुस्तकात लिहिली आहे. ज्या शिक्षकांनी ते वाचले नसेल त्यांनी शाळेच्या वाचनालयात मागवावे. त्यात एका मुळीने बरे झाल्याची गोष्ट नाही. आहार बदलला, चालणे धरले, मनाची धावपळ थांबविली, आणि हे सारे वर्षानुवर्षे नेमाने केले, त्याची गोष्ट आहे. कठीण आहे. म्हणूनच कापडावरचा खडा विकत घेणे माणसाला सोपे वाटते.

काकांविषयी सांगायचे राहिले. त्यांच्या दोन्ही गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. सून वेळेवर हातात देते. मागच्या दिवाळीनंतर त्यांनी मला बोलावून घेतले आणि विचारले, की कोपऱ्यातल्या बांधीत यंदा जवसाचा उतेरा टाकू का? मुलाला ते पीक परवडत नाही, म्हणून तो नको म्हणत होता. मी म्हटले, टाका, घरापुरता टाका. डाव्या हाताने बी फेकता येते का, हे पाहायला ते स्वतः बांधीपर्यंत गेले. धुरा उंच होता, काठी रुतत होती. अर्धी मूठ बी वाऱ्याने दुसऱ्याच्या बांधीत गेले. त्यावरून शेजाऱ्याशी थोडी बोलाचाली झाली, पण पीक बरे आले आहे.